मुंबई ते ऑकलंड : नेमके किती तास धरायचे?

मोटरमन_डोंबिवली

नमस्कार मंडळी. मी मध्य रेल्वेतून मोटरमन म्हणून निवृत्त झालो, वय ६७. डिसेंबरात मी आणि सौ. पहिल्यांदाच लेकीकडे ऑकलंडला चाललो आहोत. नातू चार महिन्यांचा होईल तेव्हा. अजून त्याला फोनवरच बघतोय.

माझा प्रश्न वेळेचा आहे. माझ्यासमोर आत्ता चार आकडे आहेत आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही.

इंटरनेटवर दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर येतं, तिथे मुंबई–ऑकलंड १२,३०३ किलोमीटर आणि प्रवासाचा वेळ १४ तास १० मिनिटं दाखवतात. एजंटने दोन पर्याय दिलेत, दोन्ही सिंगापूरमार्गे. पहिल्यात मुंबईहून रात्री ११:३५ ला सुटायचं आणि दुसऱ्या रात्री ११:३५ ला ऑकलंडला उतरायचं. मी चोवीस तास धरले, तर तिकिटावर लिहिलंय १६ तास ३० मिनिटं. दुसऱ्यात मुंबईहून संध्याकाळी ७:५० ला निघायचं, सिंगापूरला पाच तास बसायचं आणि पुढचं विमान तेच. तिथे लिहिलंय २० तास १५ मिनिटं. आणि लेक म्हणते, "बाबा, तुम्ही सव्वा दिवस धरून चला."

एवढं खोलात जायचं कारण सौ.ची औषधं. साखरेची गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी, रक्तदाबाची एक. डॉक्टर म्हणाले, प्रवास किती तासांचा आणि जेवणं कधी ते लिहून आणा, मी वेळा ठरवून देतो. आता त्यांना यातला कुठला आकडा देऊ? शिवाय तिचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. मधल्या विमानतळावर सव्वा तासात एका विमानातून दुसऱ्यात जायचं म्हणजे पळापळ होईल का, हीसुद्धा काळजी आहे.

सीएसएमटी ते कसारा १२० किलोमीटर धरले तर हे अंतर म्हणजे १०२ खेपा होतात. माझ्या ओळखीचं तेवढंच एक माप आहे, म्हणून त्यात मोजून पाहिलं. जाणकारांनी कृपया नीट समजावून सांगावं.

सहार_रॅम्प

काका, नमस्कार. मी विमानतळावर रॅम्पवर, म्हणजे विमान उभं राहतं त्या फरशीवर, एकोणीस वर्षं काम केलंय. तुमचे चारही आकडे बरोबर आहेत. फक्त प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतोय.

ते १४ तास १० मिनिटं कुठून आले ते बघा. १२,३०३ ला ताशी ९०० ने भागा, १३ तास ४० मिनिटं येतात. चढण्या-उतरण्याचा म्हणून सरसकट अर्धा तास घातला की झाले १४:१०. म्हणजे मुंबईहून ऑकलंडला थेट विमान असतं, वाटेत वारा नसता आणि ते नाकासमोर गेलं असतं, तर एवढा वेळ. पण मुंबईहून ऑकलंडला थेट विमान नाही. तो आकडा नुसता भागाकार आहे, कुठल्याही वेळापत्रकातला नाही.

तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम. विमान उभं असताना चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान हललं की घड्याळ सुरू, आणि पलीकडे ठोकळे लागले की बंद. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत उभं राहणं, उतरल्यावर गेटपर्यंत येणं सगळं येतं. मुंबई–सिंगापूर साधारण साडेपाच तास, सिंगापूर–ऑकलंड पावणेदहा, आणि मधला मुक्काम. पहिल्या पर्यायात ५:३० + १:१५ + ९:४५ = १६:३०. दुसऱ्यात मुक्काम पाच तासांचा, म्हणून २०:१५.

चोवीस तास दिसले ते घड्याळांमुळे. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. ऑकलंड डिसेंबरात साडेसात तास पुढे, कारण सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळं तासभर पुढे करतात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. चोवीसातून साडेसात वजा केले की तुमचे साडेसोळा आले.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना कापतात, त्यामुळे दोन्ही एका वेळी वापरता येत नाहीत. विमानांची गर्दी आणि चालू धावपट्टी एकच. दरवाजा वेळेवर बंद झाला तरी रांगेत अर्धा-पाऊण तास जाणं नवीन नाही. तुम्हाला हे पटकन कळेल, कुर्ल्याला सिग्नल मिळेना तर काय होतं ते तुम्ही पाहिलंय.

मोटरमन_डोंबिवली

वा, एकदम डोक्यात उतरलं. आमच्याकडेही हेच होतं. गाडीचा रनिंग टाइम वेगळा आणि आमची ड्युटी वेगळी. ड्युटी लॉबीत साइन ऑन केल्यापासून साइन ऑफपर्यंत मोजतात, नुसती चाकं फिरतात तेवढी नाही. म्हणजे डॉक्टरांना मी साइन ऑन ते साइन ऑफ द्यायला हवं, डोंबिवलीच्या घरापासून लेकीच्या घरापर्यंत.

आता आणखी एक. थेट १२,३०३ किलोमीटर, तर मग सिंगापूरला वळसा घातल्याने अंतर किती वाढतं? नकाशात बघितलं तर बराच कोन दिसतो.

भूगोलाच्या_बाई

दादा, नकाशा बाजूला ठेवा आणि पृथ्वीगोल घ्या. मी परळला बत्तीस वर्षं भूगोल शिकवला आणि दर वर्षी मुलांच्या हातात सुतळी देऊन हे करून घेतलं. भिंतीवरचा नकाशा सपाट असतो, त्यामुळे त्यावर काढलेली सरळ रेघ पृथ्वीवर सर्वांत जवळची वाट नसते. सुतळीचं एक टोक मुंबईवर धरायचं, दुसरं ऑकलंडवर, आणि ताणायचं. सुतळी स्वतःच जवळची वाट शोधते.

ताणलीत की दिसेल, ती सुमात्रा बेटावरून जाते, सिंगापूरपासून जेमतेम बोटभर अंतरावरून. मुंबई–सिंगापूर सुमारे ३,९२० किलोमीटर आणि सिंगापूर–ऑकलंड सुमारे ८,४१०. बेरीज १२,३३०. म्हणजे वळसा पंचवीस-तीस किलोमीटरचा, तुमच्या सीएसएमटी ते ठाण्याएवढासुद्धा नाही. सिंगापूर तुमच्या वाटेवरच आहे असं समजा.

आता तीच सुतळी मुंबईहून अमेरिकेतल्या न्यूअर्कला ताणून बघा. नकाशात वाटतं अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक असं सरळ पश्चिमेला जाईल. सुतळी मात्र उत्तर-वायव्येला चढते, रशियावरून, नॉर्वेच्या बाजूने, ग्रीनलंडच्या दक्षिणेकडून खाली उतरते. अंतर सुमारे १२,५५०. म्हणजे मुंबईकरांना ऑकलंड आणि न्यूअर्क जवळपास सारखीच लांब! माझा भाचा न्यूजर्सीत असतो, त्याच्या आईला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून त्या बाजूच्या वाटा आणखी लांबल्या. तुमच्या वाटेला त्याची झळ नाही.

वाऱ्याचं सांगायचं राहिलं. दोन्ही गोलार्धांत मधल्या अक्षांशांवर, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागावर आणि टास्मान समुद्रावर ते तुमच्या पाठीशी असतील. येताना समोरून. म्हणून ऑकलंडहून सिंगापूरला परत यायला पाऊण-एक तास जास्त लागतो. अंतर तेच, हवा तीच, फक्त दिशा बदलली. न्यूअर्कला जाणाऱ्यांना हे उलटं, त्यांना जाताना जास्त वेळ आणि येताना कमी.

जमलं तर ते दिवसाचं विमान खिडकीजवळून बघा. सिंगापूर सोडल्यावर अर्ध्या तासाच्या आत विषुववृत्त ओलांडाल. मग बालीच्या आसपासून पुढे ऑस्ट्रेलिया वायव्येकडून आग्नेयेकडे तिरका कापत जाल. नुसत्या ऑस्ट्रेलियावरून सुमारे तीन हजार किलोमीटर! मी आयुष्यभर ते वाळवंट फळ्यावर काढलं, प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलंत तर नक्की लिहा.

ठाणे_वेस्ट_९१

काका, पहिलाच पर्याय घ्या. मी दोनदा सव्वा तासाच्या मुक्कामाने गेलोय, काही झालं नाही. सिंगापूरला खुणा एवढ्या स्पष्ट आहेत की चुकणं शक्य नाही. पाच तास उगाच फुकट जातात.

शीव_ते_पापाकुरा

काका, मी ऑकलंडमध्ये पापाकुराला राहते, माहेर शीवचं. वरच्या दादांचं त्यांच्यापुरतं ठीक आहे, ते तरुण आहेत. तुम्ही कृपया दुसरा पर्याय घ्या. का ते सांगते.

गेल्या वर्षी आई-बाबा आले तेव्हा मी स्वस्तात पडतंय म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढली, दोन वेगळ्या कंपन्यांची. मध्ये एक तास पन्नास मिनिटं होती. मुंबईहून पहिलं विमान सव्वा तास उशिरा सुटलं. तिकिटं वेगळी, म्हणून दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी नाही. पुढचं विमान गेलं आणि त्यांच्यासाठी नवीन तिकीट काढावं लागलं. आई-बाबा बावीस तास विमानतळावर खुर्चीत बसून होते. बाबांच्या पायांना एवढी सूज आली होती की चपलेचा पट्टा बसेना. मी इथे रात्रभर फोन धरून रडत होते. ती चूक माझी होती आणि ती दुसऱ्या कोणाच्या आई-बाबांच्या वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून एक, तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर काढा. मुंबईच्या काउंटरवर सामानाला लावलेला टॅग स्वतः वाचा, शेवटी एकेएल (ऑकलंडची तीन अक्षरी खूण) लिहिलेलं हवं. मग सामान सिंगापूरला उचलावं लागत नाही, थेट ऑकलंडला येतं.

दोन, काकूंसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर लिहून घ्या. विमानतळावर आयत्या वेळी मागायची नाही. त्यात कमीपणा काही नाही. माझी आई आधी तयार नव्हती, आता म्हणते त्याशिवाय येणार नाही.

सिंगापूरला आणखी एक लक्षात ठेवायचं. तिथे हातातल्या सामानाची तपासणी गेटापाशीच होते. तपासणीआधी पाण्याची बाटली रिकामी करावी लागते, त्यामुळे काकूंना गोळी आधीच देऊन ठेवा. औषधं सगळी हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, मोठ्या बॅगेत काहीही नाही.

आणि खाऊ! इथे हे लोक शेती आणि जंगलाला फार जपतात. विमानात बसण्याआधी ऑनलाइन प्रवासी फॉर्म भरायचा, तो फुकट असतो. त्यात खाण्याची जी जी वस्तू आहे ती "आहे" म्हणून लिहायची. लिहिलेली वस्तू त्यांना चालली नाही तर काढून घेतात, एवढंच. न लिहिता सापडली तर जागेवर ४०० डॉलर दंड. आमच्या आत्याबाईंनी रुमालाच्या गाठीत तुळशीचं बी आणलं होतं, अंगणात लावू म्हणून. लिहिलं नव्हतं. बिचाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण दंड भरावाच लागला. मध, बियाणं, झाडाची फांदी, ताजं फळ घरीच ठेवा. दूध-तुपाचं शक्यतो नको. गोडा मसाला, भाजणी असं कोरडं, बंद पाकिटात, नाव लिहून आणा. लेकीला त्याचीच जास्त वाट असेल.

मोटरमन_डोंबिवली

ताई, तुमचं वाचून सौ.ला दाखवलं. ती म्हणाली, त्या मुलीला सांगा, आई-बाबा सुखरूप पोहोचले ना, मग मनाला लावून घेऊ नको.

काल शेजारच्या मुलाकडून पृथ्वीगोल आणला आणि सुतळी ताणली. बाई, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. सुमात्रावरून गेली, सिंगापूर बोटभर बाजूला. सौ.ने एक टोक धरलं होतं. ती बराच वेळ त्या सुतळीकडे बघत बसली, मग म्हणाली, "एवढंच तर आहे."

आम्ही दुसरा पर्याय घेतला, एकाच पीएनआरवर, व्हीलचेअर लिहून. ठाण्याच्या मित्राला उत्तर देतो, त्यांच्या सल्ल्याबद्दल आभार मानूनच. रेल्वेच्या वेळापत्रकात रिकव्हरी टाइम म्हणून काही मिनिटं घातलेली असतात. प्रवाशाला वाटतं गाडी उगाच रेंगाळतेय. पण मागे कुठे वेळ गेलेला असतो, तो तिथेच भरून निघतो. ती मिनिटं काढून टाकली तर कागदावर गाडी फास्ट होते आणि प्रत्यक्षात रोज लेट. ते पाच तास मी रिकव्हरी टाइम म्हणून घेतलेत, आणि माझ्या मते तिकिटातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

डॉक्टरांना २८ तास लिहून दिले. त्यांनी सांगितलं की विमानात एक घड्याळ भारताच्या वेळेवर ठेवा, गोळ्या त्यावर द्या, आणि पोहोचल्यावर कधी बदलायचं त्याचा वेगळा कागद करून दिला. (ज्यांना औषधं चालू आहेत त्यांनी आपल्याच डॉक्टरांना विचारावं, आमचा कागद आमच्यापुरता.) माझं ड्युटीचं जुनं घड्याळ आहे, तेच भारताच्या वेळेवर ठेवणार.

मोटरमन_डोंबिवली (सात आठवड्यांनी)

मंडळी, पोहोचलो. ड्युटीच्या डायरीसारखी नोंद ठेवली होती, ती खाली देतो. सगळ्या वेळा भारताच्या.

दुपारी २:३० ला घर सोडलं. ऐरोलीच्या पुलापर्यंत रस्ता मोकळा, मग पवईला जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडवर चाळीस मिनिटं. ४:३५ ला विमानतळाचं टर्मिनल दोन. व्हीलचेअर पाच मिनिटांत आली. टॅग स्वतः वाचला, एकेएल. विमान ७:५८ ला हललं आणि नंतर रांगेत उभं. रॅम्पवाले दादा, तुमची आठवण काढली. चाकं जमिनीवरून सुटली ८:४६ ला. सौ.ने माझा हात धरला होता, तो दिवे खाली गेल्यावर सोडला. सिंगापूरला गेटाला लागलो १:५५ ला, म्हणजे तिथल्या ४:२५ ला, ३५ मिनिटं लेट. पण आमच्या हातात साडेचार तास होते. सौ. दोन तास आडवी झाली. तिथल्या सात वाजता उजाडल्यावर तिला चाकाच्या खुर्चीतून फुलपाखरांची बाग दाखवली, टर्मिनल तीनमध्ये आहे ती. एक फुलपाखरू तिच्या शालीवर बसलं आणि उडेचना.

पुढचं विमान ६:२५ ला हललं. बाई, हे तुमच्यासाठी. पावणेचार तासांनी समुद्र संपला आणि लाल जमीन सुरू झाली. आपल्याकडची तांबडी माती नव्हे, विटेच्या चुऱ्यासारखा रंग. कोरड्या नद्यांच्या खुणा झाडाच्या मुळांसारख्या पसरलेल्या. मग एक रस्ता दिसला, पट्टीने काढावा तसा. मी घड्याळ लावून बघत होतो, अकरा मिनिटं त्या रस्त्याला वळण नव्हतं आणि त्यावर एक गाव नव्हतं. पुढे पांढऱ्या मिठाचे सपाट तुकडे. तीन तास मी खिडकीला कपाळ लावून बसलो होतो. समोरच्या पडद्यावर विमानाचा वेग वाढत गेलेला दिसत होता, तुमचा वारा पाठीशी होता. टास्मान समुद्रावर सूर्य मावळला.

ऑकलंडला गेट ३:५८ दुपारी, तिथले रात्रीचे ११:२८. सात मिनिटं आधीच! खाऊची यादी फॉर्मात लिहिली होती : गोडा मसाला, भाजणी, आमसुलं. अधिकारी बाईंनी आमसुलाचं पाकीट उघडायला लावलं, वास घेतला, हे कशात घालतात ते विचारलं, आणि परत दिलं. तिन्ही वस्तू आत गेल्या. लेकीच्या दारात पाय ठेवला तेव्हा माझ्या घड्याळात ६:२० आणि भिंतीवरच्या घड्याळात १:५०. नातू जागा होता.

एकूण साइन ऑन ते साइन ऑफ २७ तास ५० मिनिटं. त्यातले विमानाचे दोन्ही मिळून १५ तास ३०. उरलेले १२ तास २० मिनिटं गाडीत, रांगेत, खुर्चीत आणि थोडी झोप. पुढे कोणी आपल्या आई-वडिलांना बोलावणार असेल तर त्यांनी हे बारा तास धरूनच ठरवावं.

गोळ्या एकदाही चुकल्या नाहीत. सौ.चे पाय थोडे सुजले होते, दर दीड तासाने तिला विमानातच चार फेऱ्या मारायला लावल्या, त्यामुळे दुसऱ्या दिवशी उतरले. झोपेची घडी बसायला मात्र आठवडा गेला.

शीव_ते_पापाकुरा

काका, वाचून डोळे भरून आले. काकूंना आणि तुम्हाला एक रविवार आमच्याकडे यायचंय, आमसुलाची कढी मी करते. परतीचं कधी आहे?

मोटरमन_डोंबिवली

नक्की येतो, लेकीलाही घेऊन येतो. परतीचं तिकीट १२ एप्रिलचं आहे. तोवर इथली घड्याळं तासभर मागे गेलेली असतील, म्हणजे फरक साडेसातऐवजी साडेसहाचा. ऑकलंड–सिंगापूर तिकिटावर १० तास ४० मिनिटं दाखवताहेत, वारा समोरून. मधला मुक्काम चार तासांचा घेतलाय. डॉक्टरांना नवीन वेळा आजच पाठवतोय.